लाखेखालचं पत्र

"ही सही तुमचीच ना, काका?"

डिस्पॅचच्या खिडकीतून झेरॉक्सचे दोन कागद आत आले. हेस्केल अष्टमकरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. परीक्षेच्या पाकिटांना अजून लाखेचं सील लागायचं, त्यामुळे टेबलाच्या कोपऱ्यात स्पिरिटच्या दिव्यावर लाख वितळत होती. अकराच्या गाडीने पाकिटं जायला हवी होती.

सही त्यांचीच होती. देवनागरी, 'अष्टमकर'मधल्या रला लांब शेपूट. अडतीस वर्षं तशीच.

"माझीच. काय आहे हे?"

"तेच विचारायला आलोय." धम्मपाल म्हणाला.

धम्मपाल मेश्राम स्टॅटिस्टिक्स शिकवायचा. वर्ध्याकडचा, बेचाळीस वर्षांचा, इन्स्टिट्यूटमध्ये करारावर. एरवी एक वाजला की तो सरळ खोलीत शिरायचा, स्टूल ओढायचा आणि अष्टमकरांच्या डब्याचं झाकण स्वतःच उघडायचा. आज तो खिडकीबाहेर उभा होता, गावच्या पोस्टात अनोळखी माणूस उभा राहतो तसा.

"इंग्रजी आहे रे सगळं. तू वाच."

धम्मपालने वाचलं. वर्गात वाचतात तसं सपाट, एकेक वाक्य मराठीत करत. "'मी, ज्यू समाजाचा एक सदस्य, डॉक्टर मेश्राम यांच्या कृत्याने अत्यंत दुखावलो आहे आणि भयभीत झालो आहे. सदर कृत्य अँटी-सेमिटिक, म्हणजे ज्यूद्वेषाचं, असून अशा व्यक्तीच्या सहवासात मला असुरक्षित वाटतं.' अजून अर्धं पान आहे. खाली तुमची सही." त्याने कागदाची घडी केली. "तुम्ही भयभीत झालात, काका? मला?"

लाख कडेने उतू जायला लागली, तेव्हा अष्टमकरांनी दिवा विझवला.

"मला मेमो मिळालाय, त्याला हे जोडलंय. आठ दिवसांत खुलासा द्यायचाय. आणि पाकिटावरचा जावक नंबर बघा, चारशे सतरा. तोसुद्धा तुमच्याच हातचा."

एवढं बोलून तो गेला. त्या दिवशी एक वाजता स्टूल रिकामं राहिलं. डब्यात दोन माणसांपुरती भाजी होती, ती तशीच परत गेली.

हेस्केल मोझेस अष्टमकर हे नाव दिल्लीच्या माणसाला एका दमात घेता येत नसे. पुढचं नाव ख्रिश्चन वाटे, मागचं मराठी. ज्यू म्हटलं तर विचारत, "मतलब, बाहर से?" बाहेरूनच, पण दोन हजार वर्षांपूर्वी, असं घरात सांगत आले होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, वाचले त्यांनी कोकणात तेलाचे घाणे टाकले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. गावाने त्यांना 'शनवार तेली' असं नाव दिलं आणि विषय तिथेच संपवला. ना कुणी घर जाळलं, ना कुणी पाणी तोडलं. वडील दिल्लीला नोकरीला आले, करोलबागेत राहिले, आणि सांगत राहिले, "आपल्या लोकांना जगात सगळीकडे मार बसला, कोकणात नाही. हे विसरू नकोस."

सरकारी खात्यात तेहतीस वर्षं डिस्पॅच केल्यावर गेली पाच वर्षं ते मानेसरच्या पुढच्या या खासगी इन्स्टिट्यूटमध्ये तेच काम करत होते. सकाळी धौलाकुआँपर्यंत मेट्रो, तिथून इन्स्टिट्यूटची बस. शनिवारी सुट्टी, बदल्यात इतर दिवशी तासभर जास्त. या कामाचा त्यांनी एकच धर्म पाळला होता. डिस्पॅचचा माणूस पाकीट उघडत नाही. कुणाची बदली, कुणाची बढती, कुणाची चौकशी, त्याला काय करायचं? नंबर टाकायचा, शिक्का मारायचा, पिशवीत सोडायचं. न वाचण्याचाही एक अभिमान असतो, आणि तो त्यांना होता.

दुसरा अभिमान कीर्तनाचा. कोकणातल्या त्यांच्या लोकांनी शेजारच्या देवळात कीर्तनं ऐकली, त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी ती आपल्या घरी आणली. तेच उपरणं, तेच झांज-चिपळ्या, साकी-दिंडीच्या त्याच चाली, आख्यान मात्र आपल्या पूर्वजांचं. वडिलांकडून ते हेस्केलकडे आलं. वर्षातून एकदा, फाल्गुनात, ज्या सणाला त्यांची जुनी माणसं सरळ 'होळीचा सण' म्हणत त्या दिवशी, प्रार्थनाघराच्या मागच्या हॉलमध्ये ते उभे राहायचे. देवाचं नाव सुरात घेतलं की छातीतलं ओझं उतरतं, ते कोणत्या भाषेतलं नाव आहे हे ओझं विचारत नाही.

आख्यान ठरलेलं होतं. एक राजा, त्याचा मानी प्रधान, आणि परक्या लोकांतली राणी. प्रधान राजाच्या कानाशी लागतो, "महाराज, हे लोक आपल्यात राहतात, पण आपले नव्हेत." राजा बोटातली मुद्रा काढून देतो. त्या लोकांना मारण्याचं फर्मान निघतं, त्यावर लाख ओतली जाते. अष्टमकर इथे डोळे मिटून वडिलांची साकी म्हणायचे:

मुद्रा दिधली राये काढुनि, पत्र न वाचुनि पाही,
लाखेखाली कोण झाकिले, पुसले कोणी नाही.

आणि मग डोळे उघडून, चिपळ्या खाली ठेवून म्हणायचे, "मंडळी, शंभरावर प्रांतांना पत्रं गेली. म्हणजे कुणीतरी बसून जावक नंबर टाकले असणार की नाही? तो कारकून आमचा भाऊबंद. त्याला दोष देऊ नका हो. तो पाकीट उघडत नाही."

दरवर्षी हॉल हसायचा. जेमतेम चाळीस माणसं, त्यांतली निम्मी मराठी समजणारी, पण हशा चाळिसांचा.

गेली चार वर्षं पेटीवर धम्मपाल असे. खिडकीशी उभं राहून त्यांनी साकी गुणगुणलेली त्याने ऐकली आणि म्हणाला, "काका, तुम्ही काळी दोनमध्ये गाताय, आणि छान गाताय." त्याचे वडील दादाराव गावच्या विहारात भजनाला पेटी वाजवायचे. तीच पेटी, चादरीत गुंडाळून, विदर्भातून दिल्लीला आलेली. धम्मपालच्या खोलीत जागा नव्हती म्हणून ती करोलबागेत अष्टमकरांकडे असे. पहिल्यांदा आख्यान ऐकलं तेव्हा प्रधानाच्या त्या वाक्यावर त्याने भात्यावरचा हात क्षणभर थांबवला होता. नंतर चहा पिताना म्हणाला, "आपल्यात राहतात पण आपले नव्हेत. हे मला गावात तोंडावर ऐकवलंय, काका. फक्त तुमचा प्रधान जरा सुशिक्षित आहे."

तर असा धम्मपाल. आणि त्याने केलं काय होतं? आपल्या केबिनच्या दारावर एक कागद लावला होता. गाझात मेलेल्या मुलांची नावं, पुढे वय. चार, सात, नऊ महिने. खाली एक ओळ: 'हे आकडे नाहीत.'

तो कागद अष्टमकरांनी पाहिला होता. दुखलंही होतं, ते खोटं नाही. त्यांची लेक लेआ लग्नानंतर इस्राएलला गेलेली. अश्दोदला राहायची, नर्स होती. युद्ध सुरू झालं त्या दिवसापासून रिबकाने, म्हणजे अष्टमकरांच्या बायकोने, फोन उशाखाली ठेवला होता. त्या पहिल्या दिवशी तिकडचीही मुलं मेली होती, लेआच्या ओळखीतली. तो कागद पाहून अष्टमकरांना वाटलं, एक-दोन नावं आमचीही लावायचीस रे. वाटलं, पण बोलले नाहीत. दुपारी डबा एकत्रच खाल्ला.

त्यानंतर आठवड्याने रजिस्ट्रारनी केबिनमध्ये बोलावलं. पाच वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली, कपबशीतून चहा आला.

"अष्टमकर जी, सुना है बेटी वहाँ है आपकी. सब ठीक तो है?"

इतक्या महिन्यांत इन्स्टिट्यूटमधल्या कुणी हे विचारलं नव्हतं. अष्टमकरांचे डोळे भरून आले. त्यांनी लेआच्या घराखालची, हल्ला झाला की लपायची काँक्रीटची खोली सांगितली, सायरन सांगितला, नातू बोलायला लागला त्यात तोही एक शब्द शिकला ते सांगितलं. रजिस्ट्रार मान हलवत राहिले.

"इन्स्टिट्यूट आपके साथ खड़ा है. बिल्कुल. बस एक काग़ज़ है, फ़ॉर्मैलिटी. हमें लिखकर देना पड़ता है कि हम आपके साथ हैं."

दोन पानं होती, इंग्रजीत. अष्टमकरांनी दुसरं पान उलटून सही केली. चष्मा टेबलावर राहिला होता, आणि शिवाय, जो माणूस तुमच्या लेकीची चौकशी करतो त्याच्यासमोर कागद वाचत बसणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी घरी दाराच्या चौकटीवरच्या, आत प्रार्थनेचा कागद असलेल्या पेटुलीला हात लावून, तो ओठांना टेकवून ते आत आले आणि बूट न काढता बसले. रिबकाने डबा उघडून पाहिला.

"धम्मपाल आला नव्हता?"

त्यांनी सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "तुम्ही घाबरलात असं लिहिलंय? ह्याला? हा आपल्या लेआच्या मेंदीला रडलेला माणूस."

"मी वाचलं नाही गं."

"ते तुम्ही नेहमीच सांगता. कीर्तनातपण सांगता."

लेआचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा दोघांनी मिळून तिला सगळं सांगितलं. ती ड्युटीवरून आली होती, चेहरा उतरलेला.

"अप्पा, मला ती यादी बघवली नसती. खरं सांगते. त्या दारावरून मी पुढे निघून गेले असते. इथे रोज कुणीतरी म्हणतं, सगळं जग आपल्यावर जळतं. कधीकधी मलापण वाटतं. आमच्या वॉर्डातली एक बाई, तिच्या भावाला परदेशात रस्त्यात मारलं, डोक्यावर आपल्या लोकांची टोपी होती म्हणून. त्याला काय म्हणायचं मग? तोच शब्द ना?"

"तोच."

"मग तोच शब्द पेटीवाल्या काकांना कसा लावायचा?" मागे नातू काहीतरी ओरडत होता. "राग आला असता मला त्यांचा. भांडले असते. घाबरले नसते. चला, ठेवते, ह्याला भरवायचंय."

अष्टमकरांना त्यांच्या तरुणपणी प्रार्थनाघरात येणारी, महायुद्धातून वाचून आलेली पोलंडची म्हातारी आठवली. दिल्लीत एकटी राहायची, हिंदी मोडकं बोलायची. तिने एकदा सांगितलं होतं की सुरुवात मारण्यापासून झाली नव्हती. समोरच्या घरातली मैत्रीण रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जायला लागली, तिथून झाली. तो शब्द त्या म्हातारीचा होता. कोकणातल्या घाण्यावर दोन हजार वर्षांत कुणाला त्याची गरज पडली नाही. अष्टमकरांच्या घराण्याची सही त्या शब्दाखाली पहिल्यांदा पडली, आणि तीही खोटी.

दुसऱ्या दिवशी ते न बोलावता रजिस्ट्रारच्या केबिनमध्ये गेले. या खेपेला खुर्ची मिळाली नाही.

"सर, वो मेरा काग़ज़ वापस चाहिए."

"वापस? वो तो फ़ाइल में लग गया. डिस्पॅच भी हो गया. आप ही ने नंबर डाला है, अष्टमकर जी." रजिस्ट्रार हसले. "आप तो जानते हैं, निकला हुआ काग़ज़ वापस नहीं आता."

हे अष्टमकरांना माहीत होतं. आख्यानातल्या राजालाही आपलं फर्मान मागे घेता आलं नव्हतं. त्याने दुसरं पत्र लिहायची परवानगी दिली होती, एवढंच.

"सर, मेश्राम सर से मुझे डर नहीं लगा. बुरा लगा था थोड़ा. वो अलग बात है."

"देखिए, आप भोले आदमी हैं. आपको नहीं पता ये लोग क्या होते हैं. अभी स्कॉलरशिप को लेकर लड़कों को भड़का रहा था, कल कुछ और करेगा. हम तो आपकी कम्युनिटी के लिए ही कर रहे हैं."

अष्टमकर खाली बघतच म्हणाले, "सर, पिछले साल ॲन्युअल डे पर आपने स्टेज से कहा था, इस कॉलेज को एक हिटलर चाहिए, हफ़्ते भर में सब सीधे हो जाएँगे. सब हँसे थे. मैं कुर्सियाँ लगा रहा था वहीं."

"अरे, वो तो मज़ाक था यार."

"जी. मैं भी हँसा था." ते म्हणाले. "डर उस दिन लगा था, सर."

रजिस्ट्रारनी समोरचा कॅलेंडरचा कागद उलटला. "आपका कॉन्ट्रैक्ट मार्च में ख़त्म हो रहा है ना?"

"जी, मार्च में."

खिडकीमागे परत येऊन अष्टमकरांनी कोरा कागद घेतला. अडतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं पाठवली, स्वतःचं असं कधी लिहिलं नव्हतं. रजिस्ट्रारच्या नावे हिंदीत लिहिलं, जमेल तसं. 'मी ज्या कागदावर सही केली तो मी वाचला नव्हता. हा माझा दोष आहे. डॉ. मेश्राम यांनी मेलेल्या मुलांची नावं लिहिली. माझ्या लोकांची नावं त्यात नव्हती, म्हणून मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आणि द्वेष असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. द्वेषासाठी जो शब्द आहे तो फार माणसं मेल्यावर तयार झाला आहे. तो नोकरीवरून काढण्यासाठी वापरू नये, नाहीतर खरी वेळ येईल तेव्हा कुणी ऐकणार नाही.' खाली सही केली. मग आपणच आवक नंबर टाकला, शिक्का मारला, आणि झेरॉक्स घेऊन धम्मपालच्या केबिनकडे गेले. दारावर यादी नव्हती, चिकटपट्टीचे चार तुकडे होते. धम्मपालने कागद उभ्यानेच वाचला.

"तुम्हाला वाईट वाटलं होतं, ते मला काऊन नाही सांगितलं, काका?"

"डबा खायची वेळ झाली होती रे."

धम्मपालला हसू आलं नाही. "लावली असती मी ती नावं. तुम्ही नुसतं म्हणायचं होतं." त्याने कागद खुलाशाच्या फाइलीत ठेवला. "असो. बरं केलंत."

चौकशी झाली. तो शब्द आरोपातून गळला. तीन आठवड्यांनी धम्मपालच्या नावाचं पत्र निघालं, विद्यार्थीसंख्या घटल्याने करार वाढवता येत नाही. त्याच गठ्ठ्यात दुसरं पाकीट अष्टमकरांच्या नावाचं होतं. दोन्हींवर नंबर त्यांनीच टाकले. या वेळी मात्र आधी दोन्ही उघडून वाचली.

होळीच्या सणाला दुपारी हॉलमध्ये अठ्ठावीस माणसं होती. युद्धामुळे बाहेर पोलीस, आत येताना पिशव्या तपासत होते, म्हणून काही जण आलेच नव्हते. रिबकाने पेटी आणून जागेवर ठेवली होती. वाजवायला कुणी नव्हतं. अष्टमकरांनी उपरणं खांद्यावर घेतलं, चिपळ्या उचलल्या.

तेवढ्यात दारातून धम्मपाल आला. पोलिसाने त्याची पिशवी उलटीसुलटी केली होती, ती तो नीट करत होता. तो रिबकाजवळ थांबला.

"काकू, उद्या सकाळची गाडी आहे. पेटी न्यायला आलो होतो."

"ने की. तुझीच आहे." रिबका म्हणाली. मग म्हणाली, "नाहीतर कीर्तन झाल्यावर ने."

तो जरा घुटमळला. मग चपला काढून सतरंजीवर जाऊन बसला, चादर बाजूला केली आणि भाता मोकळा केला. काळी दोन. अष्टमकरांकडे त्याने पाहिलं नाही.

कीर्तन सुरू झालं. अष्टमकरांचा आवाज थकलेला होता, पण धरून राहिला. राजा आला, राणी आली. प्रधानाचं नाव आलं तशी मुलांनी रिवाजाप्रमाणे पाय आपटले. मुद्रा निघाली, लाख ओतली गेली, आणि त्यांनी डोळे मिटून साकी म्हटली. पुसले कोणी नाही.

डोळे उघडून त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. पुढच्या रांगेतली माणसं आधीच हसू धरून बसली होती.

"मंडळी, शंभरावर प्रांतांना पत्रं गेली," ते म्हणाले. "म्हणजे कुणीतरी बसून जावक नंबर टाकले असणार. तो कारकून…"

पुढचं वाक्य येईना. ते उभे राहिले, उपरण्याचं टोक हातात धरून. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. रिबकाने मान खाली घातली.

धम्मपालने पट्टीवरचं बोट उचललं नाही. डाव्या हाताने तो भाता हलके हलवत राहिला, ना लवकर, ना उशिरा, आणि काळी दोनचा तो एक सूर हॉलमध्ये तसाच उभा राहिला, अष्टमकरांना पुढचं सापडेपर्यंत.